गादी कुठल्या कप्प्यात?

आता मला सांगा, गादी म्हंजे ओला कचरा का सुका? न्हाई, हसू नका, तुमाला सांगतो, ह्या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर अख्ख्या कोरेगावात मला कुणी दिलं न्हाई... घंटागाडीला दोन कप्पे, हिरवा ओल्याला, निळा सुक्याला, आन् गाडीवरचा आमचा बिराप्पा त्या कप्प्यांम्होरं असा उभा ऱ्हातो, केळीची साल निळ्यात दिसली की बादली परत आपल्या हातात. चांगलं हाय, शिस्त पायजे, मी सोता फौजेतनं हवालदार होऊन आलेला माणूस, शिस्तीबद्दल माजी काय तक्रार न्हाई. पण मंग गादी कुठल्या कप्प्यात?

कुणाची गादी म्हणाल तर आमच्या मंडळींची. शालूबाईची. माघात गेली ती. लय दिवस अंथरुणाला खिळून व्हती, आन् गेली ती त्याच गादीवर, आन् आमच्याकडं रीत अशी की माणूस ज्या अंथरुणावर गेलं ते अंथरूण घरात ठेवायचं न्हाई. पूर्वी भावकीतली गडीमाणसं उचलायची आन् मसणवाटेच्या ओढ्याला टाकून यायची, कुणी विचारत नव्हतं. आता ओढ्यावर बोर्ड लागलाय, कचरा टाकणाऱ्यावर कारवाई होईल. व्हय की, व्हायलाच पायजे. पण तेराव्याला आलेला एकेक पाव्हणा जेवून हात धुताना त्या कोपऱ्याकडं बघायचा आन् आवाज बारीक करून म्हणायचा, मानसिंगराव, तेवढी गादी काढा हं. काढा म्हणणारे लय, उचलणारा एक न्हाई. पाव्हणे गेले, गादी ऱ्हायली.

त्यात आमची लेक शिवांजली, पुण्याला असती, रोज सांजच्याला तिचा फोन. पहिला प्रश्न काय, आबा जेवला का? न्हाई. "आबा, गादी टाकली का?" तिचीबी चूक न्हाई, सासूनं तिच्या डोक्यात घातलं असंल, घरात तसलं ठेवू नये, माणसाचा जीव घुटमळतो म्हणून. मी म्हणायचो, टाकतो बाई, उद्या टाकतो.

मंग एक दिवस गुंडाळली गादी, सुंभानं बांधली, खांद्यावर घेतली आन् गाडीचं गाणं ऐकू आल्या आल्या रस्त्याला जाऊन उभा ऱ्हायलो. बिराप्पानं गादीकडं बघितलं, माज्याकडं बघितलं. आबा, म्हणला, ही बसत न्हाई. म्हणलं, का रं, दाबली की बसंल. गाडीत बसंल हो आबा, नियमात बसत न्हाई. मंग नगरपालिकेत गेलो. तिथला साहेब लय गोड बोलला, चहा पाजला, म्हणला मोठ्या वस्तू न्यायची सेवा आपल्याकडं अजून सुरू न्हाई, विचार चाललाय. म्हणलं साहेब, विचार होऊ द्या तुमचा, पण तवर गादी कुठल्या कप्प्यात? साहेबांनी दुसऱ्याचं काम घेतलं हातात.

आता फौजी माणूस अडून बसतो व्हय? वस्तू गाडीत बसत न्हाई, तर गाडीत बसंल अशी वस्तू करायची, संपलं. अंगणात बसलो, कात्रीनं शिवण उसवली, कापूस काढला, बादलीत भरला, नेला. बिराप्पानं बोटांनी चाचपला. कापूस चालतो, म्हणला, निळ्यात. रोज बादलीत बसंल तेवढा आणा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू... किल्ला सर केल्यागत घरात आलो, आन् सवयीनं हाक मारली, अगं, घेतला बघ त्यानं! मंग बादली जागेवर ठेवली.

कसंय, ती गादी तिच्या माहेरची. लग्नातली. मी कुटं जम्मूला, कुटं आसामात, गादीवर झोपणार कोण, तीच. पण दर चार-दोन वर्सांनी पिंजारी बोलवायची आन् अंगणात कापूस पिंजून घ्यायची, आन् पिंजारी बसला की ही दारात पाट टाकून पहाऱ्याला. का? तर त्यो मूठभर कापूस गुपचूप आपल्या पिशवीत घालंल. मी सुट्टीवर असलो की म्हणायचो, अगं मूठभर कापसानं काय होतंय? तर म्हणायची, "मूठ-मूठ करूनच गादी जाती, तुमाला काय कळतंय." आन् आता मी बसलोय बादली-बादली करून तीच गादी घालवत, आन् दारात पाट टाकून बसाय कुणी न्हाई.

पहिली बादली पार चेपून भरली व्हती. मंग जरा सैल भराय लागलो. का ते सांगतो. आजारपणात ती सारखी म्हणायची, अवो, डाव्या अंगाला गाठ लागती. मी गादी झटकायचो, थापटायचो, पलटी मारायचो, म्हणायचो न्हाई गं काय, तुज्या मनाचं हाय. आन् उसवत उसवत मी त्या डाव्या अंगाला आलो, तर व्हती ओ गाठ. लिंबाएवढी. कडक. खरं बोलत व्हती ती. मंग मी ती गाठ हातात घेतली आन् नखानं सोडवत बसलो, एकेक पदर सुटा केला, सकाळची दुपार झाली, पार मऊ करून टाकली. कुणासाठी केली, ते मला विचारू नका. त्या दिवशी मी गाडीकडं गेलोच न्हाई.

दुसऱ्या दिवशी अर्धीच बादली. बिराप्पा म्हणला, आबा, आज एवढाच? म्हणलं, एवढाच निघाला. लेकीचा फोन, टाकली का? चालू हाय, म्हणलं.

आन् अशात ती कीर्ती आली. सांगलीची पोरगी, कॉलेजकडनं आलेली, घरोघरी एकच विचारत व्हती... घंटागाडी रोज आली, येळेवर आली, मोठ्या वस्तूबी नेल्या, तर म्हयन्याला किती द्याल? आमच्या शेजारी आप्पासो, दारात नवी गाडी, ऊस फडभर, त्यो म्हणला आमी घरपट्टी भरतोय की, वर एक रुपया मिळायचा न्हाई. पण गाडी मातुर दोनदा पायजे, आन् माणसानं सैपाकघरातनं बादली उचलून न्यावी, असं पण लिवा म्हणला.

मंग ती माज्याकडं आली. म्हणलं, पोरी, तू म्हणशील तेवढं देतो. तिचा चेहरा असा खुलला, दिसभरात पहिला माणूस भेटला व्हता तिला पैसे देणारा! मी म्हणलं, "फक्त गाडी रोज नको. आठवड्यातनं एकदा येऊ दे. न्हाई आली तरी चालंल."

ती गोंधळली बिचारी. आबा, म्हणली, सेवा चांगली करायला लोक किती देतील ते विचारायला आलेय मी... तुमी वाईट करायला पैसे देताय? व्हय म्हणलं. मोबाईलातला फॉर्म वरखाली करून बघितला तिनं, असलं उत्तर घ्यायला त्यात जागाच नव्हती. कारण काय, म्हणली. मी तिला आत नेलं आन् कोपऱ्यातली गादी दाखवली, उसवलेली, निम्मी. म्हणलं, ही संपायची हाय रोजच्या गाडीनं. तिनं मोबाईल पिशवीत ठेवला, खाली बसली आन् माज्यासंगं गाठी सोडवाय लागली. जाताना तेवढं विचारलं, आबा, मंग तुमचं काय लिहू? म्हणलं, आप्पासोचं लिवलंस तेच माजं लिव, एक रुपया न्हाई.

पण एकट्या माणसाच्या म्हणण्यावर गाव चालतंय व्हय? झाली की सेवा सुरू! नवी गाडी, रोज, येळेला ठेपलेली, दारात थांबती. आप्पासो पैसे भरतोय आन् बोंबलतोय, मीबी भरतोय. पहिल्याच दिवशी बिराप्पा नव्या कपड्यात, हसत हसत दारात. आबा, म्हणला, आता अख्खी गादी चालती, आणा. मी आत गेलो आन् खोळ घेऊन आलो. निळ्या पट्ट्यांची, धुतलेली, घडी घातलेली. त्येनं माज्या मागं बघितलं, आन् कापूस? म्हणलं, त्यो तूच नेलास की रं, बादली-बादली करून.

 मंग मीच विचारलं, "बिराप्पा, आता ही कुठल्या कप्प्यात?" निळ्यात, म्हणला, आन् माज्या हातातनं घेतली दोन्ही हातांनी.

सांजच्याला फोन. आबा, टाकली का? टाकली बाई, म्हणलं, सगळी. बरं झालं म्हणली, फोन मातुर दोघांनीबी ठेवला न्हाई.

आता रोज सकाळी गाडी दारात येती. गाणं लागतं. सवयीनं मी बादली घेऊन भाईर येतो, बिराप्पा आत डोकावतो, रिकामी असती. एकट्या माणसाचा कचरा तो किती असणार, चहाची पावडर, ती झाडाला, आन् शिळ्या भाकरीचा तुकडा, त्यो चिमण्यांना जातो. तरी थांबतो बिचारा. सेवा एक नंबर झाली हाय, तुमाला सांगतो, नाव ठेवायला जागा न्हाई... द्यायला काय ऱ्हायलं न्हाई, एवढंच.