परक्याचा हात

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बाप-लेक बसले होते. त्यांच्या पायाशी एक उंच, म्हातारा कुत्रा पडून होता.

"मघाशी काय म्हणाले डॉक्टर, बाबा?"

"पुन्हा एकदा बघतो म्हणाले. सगळीकडे दाबलं, पण दुखतंय कुठे तेच कळेना. हा हूं की चूं करत नाही."

"कसा करेल? परक्याचा हात लागला की दगडासारखं उभं राहायचं, हे तुम्हीच शिकवलंत त्याला."

"अगं, कुत्र्यांच्या शोमध्ये परीक्षक दात बघतात, पोट चाचपतात. हलला की बाद. सगळेच शिकवतात."

"हो, माहितीये."

"आणि शोपायी हाल का झाले त्याचे? वेळेवर खाणं, फिरणं, रोज विंचरणं. माणसांची नसते एवढी बडदास्त."

"हाल झाले असं कुठे म्हणतेय मी? घरी तरी कण्हतो का?"

"मी खोलीबाहेर गेलो की. आत आलो की गप्प."

दार उघडलं. डॉक्टरांनी वाकून कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत उठला, चारही पाय नीट रोवले आणि मान ताठ केली.

"शाब्बास," बाप पुटपुटला.