बत्तिसावी टोपी

नाही हो ताई, पंक्चर कुठे म्हणालो मी? माझी बस ही काय, समोर उभी आहे धडधाकट. तुमची लेक शिबिराच्या बाईंबरोबर स्कूटरवरून येतेय, एवढंच म्हणालो. दहा मिनिटं फार तर. बसा ना पायरीवर — ऊनही उतरलंय आता. बाकीची पोरं? गेली की घरी. तुम्हाला यायला उशीर झाला ते बरंच झालं — म्हणजे बरं म्हणजे, गर्दी टळली तुमची.

सहल मात्र झकास झाली बरं का! सकाळी धबधबा — पोरं चिंब — मग जेवण, मग किल्ला. तुमच्या लेकीचा तर नुसता प्रश्नांचा भडिमार. राजा आंघोळ कुठे करायचा, तोफ उडाली की बाळं रडायची का — पहारेकरी बिचारा मेटाकुटीला आला. आणि मनाने कशी आहे म्हणाल? माझं हे टक्कल तापलेलं बघितलं, आपली पिवळी टोपी काढली नि ठेवली माझ्या डोक्यावर. "काका, तुमचं डोकं लाल झालंय." घरचेही एवढं बघत नाहीत हो. माझी मुलगी लांब असते, 'जेवलात का' विचारते नि फोन ठेवते — असो.

स्कूटरवरून का? अहो, बाईंची आपली पद्धत आहे — बस निघताना पुढे उभं राहून टोप्या मोजायच्या. पोरं चुळबुळतात, वाकतात, पिवळी टोपी कशी चटकन दिसते. बत्तीस पोरं, बत्तीस टोप्या. किल्ल्यावरून निघताना मोजल्या — बत्तीस, बरोब्बर. मी तेव्हा मागच्या सीटवर, अडकलेली काच ओढत —

अहो, उठू नका, ऐका! पोर सुखरूप आहे, शपथ. किल्ल्यावरच्या कोठारात वटवाघळं बघत मागे राहिली होती. आम्ही इथे पोचतो न पोचतो तोच पहारेकऱ्याचा फोन. बाई तशाच सुटल्या. मला म्हणाल्या, मी येऊन सांगते, तुम्ही तोंड उघडू नका. मी बोललो ना तिच्याशी फोनवर. रडतेय कसली! पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून शेंगदाणे खात मलाच सांगतेय, "काका, एकशे सहा वटवाघळं आहेत. मी दोनदा मोजली." दोनदा! आम्हाला एकदा धड मोजता आलं नाही.

बाईंना बोलू नका, ताई. चूक माझी. टोपी मी काढायला हवी होती. काढवेना — खरं सांगतो, दोनदा आरशात बघून घेतलं स्वतःला. आता माझ्यापायी तिचं शिबिर बंद करू नका. उद्या पाठवाल ना?

ती बघा, आली! अगं, हळू उतर — आधी आईकडे, आईकडे जा! माझ्याकडे काय धावत येतेस? ही घे तुझी टोपी. घे ना. ...काय? अजून लाल आहे?

बरं. जा आता, जा दोघी घरी. मला बस झाडायची आहे.