चालत येणाऱ्याचे हरित गुण

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाने बावीस वर्षं ऑफिसला पायी जाऊन पेट्रोलचा एक थेंब जाळला नाही, त्याचं नाव पर्यावरणाच्या यादीत एकेचाळिसावं? आणि यादीत माणसं किती, तर एकेचाळीस! म्हणजे माझ्याखाली कोण, तर नोटीस बोर्डाची फ्रेम. तुम्हाला सांगतो, चालणाऱ्याला कुणी वाली नाही.

आता यादीत शेवटचा आलो म्हणून मी रडत बसलो नसतो. शाळेतही शेवटून चौथा-पाचवा असायचो, सवय आहे. पण इथे प्रश्न खिडकीचा होता. मी प्रुफं तपासतो, शाळेच्या पुस्तकांची. माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच असा सरळ, शांत उजेड कागदावर पडतो. त्या उजेडाच्या जोरावर मी हा चष्मा अजून ह्याच नंबरवर ठेवलाय. ट्यूबलाइटखाली बसवलंत तर अनुस्वार कुठला आणि माशीने केलेली घाण कुठली, हे मला कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, ‘काका, खिडकी सोडलीत तर नोकरीही सोडावी लागेल.’ निवृत्तीला चार वर्षं आहेत हो माझ्या!

तर झालं काय, ऑफिसचं नूतनीकरण निघालं, आणि नव्या जागा कुणाला कुठल्या द्यायच्या यावरून भांडणं नकोत म्हणून साहेबांनी तोडगा काढला. ‘हरित गुण’. म्हणजे काय, तर तुम्ही ऑफिसला येताना हवेत किती कमी धूर सोडता त्याचे गुण, ज्याचे गुण जास्त त्याने जागा आधी निवडायची. मी मनात म्हटलं, चला, देव आहे. एवढ्या सगळ्यांत धूर न सोडणारा मी एकटा, खिडकी कुठे जातेय?

यादी लागली. साहेब पहिले. का, तर त्यांच्याकडे आधी पेट्रोलच्या दोन दांडग्या गाड्या होत्या, आता एक इलेक्ट्रिक घेतली. ती केवढी? रणगाड्याने बाजूला होऊन वाट द्यावी एवढी. आणि जुन्या दोन गेल्या कुठे? एक मुलगा फिरवतो, एक सूनबाई. म्हणजे आधी दोन होत्या, आता तीन आहेत, आणि साहेब पहिले!

दुसरा आमचा सायकलवीर. चित्रं काढणाऱ्या विभागातला. हा सायकलने येतो, खरंच येतो, खोटं कशाला बोलू, बारा किलोमीटर मारतो. पण आल्या आल्या ऑफिसच्या बाथरूममध्ये गीझर लावून अर्धा तास आंघोळ, आणि मागून बायको कारने त्याचा डबा आणि इस्त्रीचे कपडे घेऊन येते. रोज! मी एकदा म्हटलं, ‘अरे, वहिनी येतातच आहेत तर त्यांच्याच शेजारी बसून ये की.’ तर म्हणाला, ‘काका, मग सायकलिंग कसं होणार?’ आणि ह्या महाराजांचा डोळा माझ्या खिडकीवर. कशासाठी, तर घामाचे कपडे वाळत घालायला!

मी गेलो तडक गुण देणाऱ्या समितीच्या बाईंकडे. बाई स्वभावाने गोड, पण फॉर्मच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. मला म्हणाल्या, ‘हे बघा, पहिला प्रश्न, आधी कुठलं वाहन वापरत होता? तुम्ही लिहिलंय, कुठलंच नाही. दुसरा प्रश्न, आता कुठलं वापरता? कुठलंच नाही. मग धुराची बचत किती झाली? शून्य.’

म्हटलं, ‘बाई, पण मी धूर सोडतच नाही.’

‘तेच म्हणतेय मी. तुम्ही काहीच सोडलं नाहीत.’

‘मी काही धरलंच नव्हतं हो.’

‘मग गुण कशाचे देऊ?’

आता बोला. जो जन्मात दारूला शिवला नाही त्याला घरात चहा कुणी विचारत नाही, आणि ज्याने परवा सोडली त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. चालणाऱ्याला कुणी वाली नाही म्हणतो ते उगाच नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘तरी मी लग्न झाल्यापासून सांगतेय, एखादं वाहन घ्या.’ हिला जग बुडत असलं तरी आपलं जुनं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद आधी. मग मुलीकडे गेलो. मुलगी विज्ञान शिकलीय, माझ्यासारखी तोंड सोडून बोलत नाही, तोलून बोलते. मी म्हटलं, ‘तू सांग, ती इलेक्ट्रिक गाडी म्हणजे सगळं थोतांड आहे ना?’

तर म्हणाली, ‘नाही बाबा. तिची बॅटरी करायला जमीन खणून काढतात, पाणी नासतं, ती बनते तेव्हा पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्तच घाण होते. वीज कोळशाची असेल तर धूर गल्लीतून उठून वीजकेंद्रावर जातो. पण चार-पाच वर्षं नीट वापरली तर बहुतेक ठिकाणी हिशेब तिच्याच बाजूने लागतो. आणि रस्त्यावरच्या पोरांच्या नाकात धूर जात नाही, हे काय थोडं आहे?’

मला राग आला. माणूस भांडायच्या तयारीने गेलेला असतो आणि समोरचा खरं बोलतो, तेव्हा फार पंचाईत होते. म्हटलं, ‘बरं, सायकल?’

‘सायकल उत्तम. तीही कारखान्यातच बनते, पण एकदा बनली की वीस वर्षं बघायला नको. बॅटरीची सायकलसुद्धा बरी, बॅटरी इवलीशी असते.’

‘आणि चालणं?’

‘चालण्याबद्दल कोण बोलणार बाबा? त्यात विकण्यासारखं काही नाही.’

बस्स. मला प्रकाश पडला. फॉर्म काय म्हणतो? आधी पाप दाखवा, मग पुण्य मोजू. ठीक आहे, नूतनीकरण संपायला अजून चार महिने आहेत, जागा तेव्हाच्या नव्या यादीवरून वाटणार, तोवर दाखवतो पाप! दुसऱ्या दिवशी गेलो मेकॅनिककडे. म्हटलं, ‘जुनी स्कूटर आहे का?’ त्याने एक दाखवली. भला माणूस, वर म्हणाला, ‘काका, पण तुम्ही घेऊ नका ही, धूर मारते.’

‘किती मारते?’

‘पुष्कळ मारते.’

‘याहून जास्त मारणारी आहे का?’

तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्या माणसाला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. हातातला पाना खाली ठेवून त्याने मला नीट बघून घेतलं, घरी सगळं ठीक आहे ना विचारलं, आणि मागच्या शेडमधून एक काढली. कशी होती? किक मारली की आधी खोकायची, मग काळं ओकायची, आणि मग शेजारच्या दुकानातला शिंपी शटर खाली ओढायचा. मी म्हटलं, हीच.

पण फॉर्मात खाली बारीक अक्षरात अट होती, आणि बारीक अक्षर वाचणं हा तर माझा धंदा. वाहन बदलण्याआधी ते तीन महिने नियमित वापरात असलं पाहिजे. तीन महिने! म्हणजे मी, बावीस वर्षं गल्लीतून आठ मिनिटांत ऑफिसात पोचणारा माणूस, रोज सकाळी स्कूटरवर बसलो, आणि एकेरी रस्ते, पूल, सिग्नल असा चार किलोमीटरचा वळसा घालून पंचवीस मिनिटांत पोचायला लागलो. कंबर धरली, पोट सुटलं, पांढरे शर्ट राखाडी झाले. गल्लीतली पोरं मला बघून नाकाला रुमाल लावायची, आणि त्यातल्या एका लहानीला खोकल्याची उबळ आली तेव्हा मला खरंच लाज वाटली हो. मान खाली घालून गेलो. ती पोर मला रोज ‘आजोबा, चालले का?’ म्हणून हाक मारायची, तीन महिन्यांत तिने एकदा मारली नाही.

पण खिडकी होती ना समोर! तीन महिने भरले, स्कूटर जिन्याखाली उभी केली आणि दुसऱ्या दिवसापासून परत चालत निघालो. फॉर्म भरला. आधीचं वाहन, अतिशय धूर मारणारी स्कूटर, येऊन-जाऊन रोजचे आठ किलोमीटर. आताचं वाहन, नाही. बाईंचे डोळे पाणावले. म्हणाल्या, ‘केवढा बदल घडवलात तुम्ही स्वतःत.’ यादी लागली, एकेचाळिसाव्यावरून थेट दुसरा! सायकलवीर तिसरा, आणि साहेबांना तर केबिनच आहे. माझा सत्कार झाला, साहेब म्हणाले, ‘ह्या वयात ह्यांनी चालायला सुरुवात केली, तरुणांनी काही शिकावं.’ सुरुवात! मी हात जोडून उभा. चालणाऱ्याला कुणी वाली नाही, पण चालायला लागलेल्याला हार घालायला सगळे.

खिडकी मिळाली. नवं टेबल, नवी खुर्ची, सोमवारी सकाळी प्रुफं मांडली, पेन्सिलीला टोक केलं, खिडकी उघडली, आणि खालून एकदम धडधडधड… काळ्या धुराचा लोट थेट सातवीच्या भूगोलावर!

खाली बघतो तर जनरेटर. डिझेलचा. हा एवढा. काय झालं होतं, हरित गुणांच्या नादाने सहा जणांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, सहाही जण सकाळी दहाला येऊन एकदम वायरी खुपसतात, वीज दमते आणि जाते, म्हणून गाड्या चार्ज करायला डिझेलचा जनरेटर. आणि तो ठेवला कुठे? उत्तरेला, सावलीत, माझ्या खिडकीखाली. तेव्हापासून खिडकी बंद, काच आठवड्यात काळी, आणि मी ट्यूबलाइटखाली अनुस्वार शोधतोय. सायकलवीर जाता जाता म्हणतो, ‘काका, बरं झालं मला नाही मिळाली, माझे कपडे खराब झाले असते.’

शेवटी गेलो बाईंकडे. आवाज चढवायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, ‘बाई, एवढा जनरेटर बंद करा. गाड्या रात्री घरी चार्ज करा, हवं तर दोघादोघांनी मिळून एका गाडीतून या, पण हा बंद करा.’

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, ‘किती छान सूचना! जनरेटर बंद केला तर ऑफिसला केवढे गुण मिळतील. करू या. फक्त ते अटीचं तुम्हाला माहीत आहेच. आधी तीन महिने नियमित चालू द्या.’

म्हटलं, द्या. मला अनुभव आहे.