सातव्या ओळीतली एक तारीख

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले सन्माननीय नगराध्यक्ष साहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले मुख्याधिकारी साहेब, डाव्या हाताला बसून मघापासून घड्याळ बघणारे लेखापाल साहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आदरणीय मोठ्या बाई, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले पाणीपुरवठ्याचे आणि सफाईचे माझे सगळे भाऊ, समोर बसलेल्या भगिनी, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या आवक-जावकच्या मॅडम,

हसू नका. मॅडमचा उल्लेख वेगळा का केला ते पुढे कळेल. तुम्हाला जे वाटतंय तेही खरं आहे, पण कारण ते नाही.

मला बोलायला तीन मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी कानात सांगितलंय, "भावनेच्या भरात वाहवत जाऊ नकोस." आता या सभागृहाच्या खिडक्या पश्चिमेला, वेळ पाच वाजून दहा मिनिटांची, पडद्यांतून हे असं पिवळं ऊन सगळ्यांच्या डोक्यांवर सांडलेलं. मला तर इथून तुम्ही सगळे एखाद्या शांत तळ्याच्या तळाशी बसल्यासारखे दिसताय. अशा वेळी माणूस वाहवत गेला नाही तर तो माणूस कसला? तरी प्रयत्न करतो.

बाईंना मोठ्या बाई का म्हणतात, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. उंचीने त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. मी आलो अनुकंपा तत्त्वावर. वडील याच नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे त्यांच्या मनगटात होतं. ते गेले तेव्हा मी कॉलेज सोडून घरी बसलेलो होतो. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका प्राध्यापकांशी भांडण झालं. कशावरून ते आता आठवत नाही, मी दार किती जोरात आपटलं तेवढं आठवतं. आस्थापना विभागात बाईंनी समोर अर्ज ठेवला.

"शिक्षण?"

"अर्धवट," मी म्हणालो. जरा गुर्मीतच.

"अर्धवट असा रकाना नाहीये रे. बारावी उत्तीर्ण लिही. जे झालंय ते लिहायचं, राहिलेलं राहू दे."

अर्ज त्यांनी सरकवून घेतला, प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीने बारीक ठिपका दिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये. दार हळू लाव."

हा ठिपका आस्थापना विभागात सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. बाई कागद तपासतात तेव्हा एक ओळ वाचून झाली की एक ठिपका. ठिपका म्हणजे ही ओळ मी पाहिली, हिची जबाबदारी माझी. बत्तीस वर्षांत या इमारतीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक नेमणुकीवर, बढतीवर, रजेवर ते ठिपके आहेत. दुपारी तीननंतर आमच्या कपाटांच्या काचांतून ऊन आत येतं, फायलींवरची धूळ हवेत उठते आणि तरंगत राहते. मला अर्धवट झोपेत नेहमी वाटायचं की ही धूळ नाही, बाईंचे ठिपकेच कागद सोडून हवेत निघालेत. आणि त्यातून जावक रजिस्टर छातीशी धरून कुणीतरी चालत येतंय...

हं. विषयावर येतो.

माझा राग तुम्हाला माहीत आहे. लेखापाल साहेबांना तर फारच. एकदा सफाईच्या एका मावशींचं दवाखान्याचं बिल त्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं. मी खुर्ची मागे ढकलून उठलो.

बाईंनी मान वर न करता विचारलं, "कुठे निघालास?"

"लेखापालांचं डोकं फोडायला."

"बरं. मोकळ्या हाताने जाऊ नकोस, टिपणी घेऊन जा. विषय लिही."

मी लिहिलं. विषय: लेखापाल यांचे डोके फोडण्याबाबत.

"आता संदर्भ."

संदर्भासाठी तिन्ही वेळचे शेरे काढावे लागले. काढता काढता दिसलं, पहिल्या वेळी साहेबांनी जे जोडा म्हटलं होतं तेच तिसऱ्या वेळी काढा म्हटलंय. तेवढंच लिहून बाईंनी फाइल पाठवली. चार दिवसांत बिल निघालं, साहेबांचं डोकं शाबूत राहिलं. साहेब, आपण हसलात, बरं वाटलं. तो विषय मी खोडलाय, काळजी नसावी.

पण बाईंनी सर्वांत जास्त जीव कशात ओतला, तर आपल्या आरोग्य विम्याच्या ठरावात. दरवर्षी विम्याचं नूतनीकरण आलं की सभेपुढे एकच प्रश्न असतो. हप्त्यातला किती भाग नगरपालिकेने भरायचा आणि किती आपल्या पगारातून कापायचा? बाई आल्या तेव्हा नगरपालिका काहीच भरत नव्हती. आज शंभरातले ऐंशी भरते. मधल्या प्रत्येक पायरीवर टिपणी बाईंची. भिंतीला टेकलेल्या भावांनो, तुमच्यातल्या किती जणांची मुलं, किती जणांच्या आया त्या कार्डावर दवाखान्यातून घरी आल्या? हात वर करू नका, पंख्याला लागतील.

एक गोष्ट मात्र राहून गेली. माणूस निवृत्त झाला की त्या संध्याकाळी कार्ड बंद. ज्या वयात कार्ड लागतं, नेमकं त्याच वयात. निवृत्तांसाठी काही भाग भरावा, निदान साठ टक्के, हे बाईंना दहा वर्षं कळत होतं. मग टिपणी का नाही लिहिली? मी विचारलं होतं.

"अरे, मी आता निवृत्तीला आलेली. मी लिहिलं तर ते माझ्यासाठी लिहिल्यासारखं होईल. ज्यात आपला फायदा, त्या फायलीला आपण हात लावायचा नाही."

मग मी लिहिली. खरं सांगू? निम्मं कारण बाई होत्या. उरलेलं निम्मं कारण असं, की मी रोज काहीतरी फालतू कागद घेऊन आवकच्या खिडकीशी जायचो, आणि एक दिवस तिकडून आवाज आला, "एखाद्या दिवशी खरं काम घेऊन या की." त्या दुपारी मी जागेवर बसलो ते थेट घंटा होईपर्यंत लिहीत होतो. बाहेर कुठेतरी पाण्याच्या टाकीत पाणी पडत होतं, तेवढाच आवाज. इतकं सुंदर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही, आणि मी चिठ्ठ्या पुष्कळ लिहिल्यात.

बारा दिवसांपूर्वी सभेत विषय आला. अध्यक्ष साहेब, आपण विचारलंत, "कधीपासून?" मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "आपण ठरवाल तसं." आपण म्हणालात, "यंदाच्या वर्षात जे जे निवृत्त होतील, त्या सगळ्यांना द्या." सगळ्यांनी बाकं वाजवली. मी मागे बसून मसुदा लिहीत होतो. मी काय लिहिलं?

"येत्या एक तारखेपासून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांना."

का लिहिलं? हाताला वळण! आपल्याकडचा प्रत्येक आदेश एक तारखेपासून लागू होतो. पगारवाढ, बदली, पाण्याचे नवे दर, सगळं एक तारखेपासून. शिवाय माझं लक्ष कुठे होतं ते मी सांगत नाही. आणि आपल्याकडे माणूस निवृत्त होतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आज शेवटचा दिवस आहे. म्हणजे ज्या बाईंमुळे ठराव झाला, त्या बाईंना तो एका दिवसाने लागत नाही.

मला हे कळलंच नव्हतं. परवा बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांचं विमा कार्ड ठेवलं. "जमा करून घे. पावती दे."

"कार्ड कशाला बाई? आता तुम्हाला चालू राहणार ना!"

"पावती दे रे," एवढंच.

मी फाइल काढली. मसुदा बाईंनी तपासून झालेला, पानभर ठिपके. पहिल्या ओळीशी एक, दुसरीशी एक, असं सहावीपर्यंत. सातव्या ओळीशी, जिथे ती तारीख आहे, तिथे पाच ठिपके होते. एकावर एक, शेजारी शेजारी, जणू पेन्सिल तिथे कितीतरी वेळ उभी राहिली होती आणि तिला पुढे जायचं की नाही ते कळत नव्हतं. मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिलो. विभागातले आवाज लांब गेले. मला दिसलं की आपल्या लांब व्हरांड्यातून आजवर निवृत्त झालेली सगळी माणसं हळूहळू चालत येतायत, एकेक जण माझ्या टेबलावर कार्ड ठेवतोय, कार्डं वाळक्या पानांसारखी हलकी, आणि रांगेत सर्वांत शेवटी, निवृत्तीआधीच गेलेले, हातात पाना घेऊन माझे वडील. नुसते पावतीची वाट बघत उभे.

काल मी बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीशी आरामखुर्ची, खुर्चीत त्यांचे यजमान. नाकाला नळी, पायाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. त्यांच्या फुप्फुसांसाठी दर दोन महिन्यांनी दवाखान्यात राहावं लागतं हे मला माहीत होतं. या वयात आणि या आजारात दुसरा कुठलाही विमा मिळत नाही, हे मला काकांनीच सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

बाई मटार सोलत होत्या. मी तडकलोच.

"तुम्ही ओळ वाचली होती! पाच ठिपके आहेत!"

"वाचली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? माझ्या सांगण्यावरून माझ्या सोयीची तारीख घातली गेली असती. माझ्यानंतरच्यांना मिळतंय ना? मग झालं तर."

काका नळीतून हसले. हसताना त्यांना दम लागतो, तरी हसले. "चाळीस वर्षं वाट बघतोय, हिला एकदा तरी चूक करताना बघीन म्हणून. केली, तीसुद्धा बघ, दुसऱ्याच्या अक्षरात."

"तुम्ही गप्प बसा, दम लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट शेंगेत तसंच अडकून राहिलं होतं. मशीन घरघरत होतं. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पाचव्या ठिपक्याला मी ह्यांच्याचबद्दल विचार करत होते. म्हणूनच पान उलटलं."

अध्यक्ष साहेब, मी रात्रभर खवळून असायला हवा होतो. माझी ख्याती तशी आहे. पण मी त्या घरातून निघालो आणि बाजाराच्या रस्त्याने, दुकानांच्या पाट्या वाचत, कापसावरून चालल्यासारखा चालत राहिलो. राग आलाच नाही. मी मनातल्या मनात विषय लिहीत होतो.

विषय: ठरावाच्या मसुद्यातील लेखनदोषाबाबत. संदर्भ: सभेत आपण स्वतः उच्चारलेले शब्द.

नियम मी आज सकाळी तीनदा वाचला. सभेचं इतिवृत्त कायम व्हायच्या आधी लेखनातली चूक आढळली, तर शुद्धिपत्रक काढता येतं. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती कबूल करायची, मुख्याधिकारी आणि अध्यक्ष यांनी सही करायची. तर या सर्व सभागृहासमक्ष मी कबूल करतो. सभेने "यंदाच्या वर्षात" म्हटलं होतं, "येत्या एक तारखेपासून" मी लिहिलं. चूक माझी. अक्षर माझं. खाली सही केली आहे. त्यासाठी माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने काय लिहायचं ते खुशाल लिहा.

बाई, उठू नका. कृपया बसा. तुम्ही मान हलवताय ते मला दिसतंय. पण ज्यात आपला फायदा त्या फायलीला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग या फायलीवर तुम्हाला नको म्हणायचाही अधिकार नाही. लेखापाल साहेब, नियमाला धरून बोललो ना? पाहा, साहेबांनी मान डोलावली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते आस्थापना विभागाशी सहमत झाले आहेत, टाळ्या वाजवा.

शुद्धिपत्रक हे माझ्या हातात आहे, भाषणाच्या कागदाखाली. कार्यालय पावणेसहाला बंद होतं, आणि पावणेसहानंतर बाई आपल्या पटावर नाहीत. आज तारखेत नोंद झाली तर कोणी उद्या बोट ठेवू शकणार नाही. म्हणून मी दुपारी आवकच्या खिडकीशी गेलो होतो. मॅडमनी कागद संपूर्ण वाचला, खालून वर पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "हे खरं काम आहे." तेवढंच म्हणाल्या, बाकी तुम्ही मनाने काही जोडू नका, मी जोडतोय तेवढं पुरे आहे. आवकचा तारखेचा शिक्का आणि पॅड त्यांच्या पर्समध्ये आहेत. त्या तिसऱ्या रांगेत कडेला का बसल्या, आता कळलं? व्यासपीठाच्या पायऱ्या तिथून जवळ पडतात.

अध्यक्ष साहेब, मुख्याधिकारी साहेब, मी कागद आपल्यासमोर ठेवतो. शाल, श्रीफळ आणि मानपत्राच्या वर ठेवतो, त्याबद्दल समितीने वाईट वाटून घेऊ नये. पेन हवं असेल तर माझं आहे, जरा गळतं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे, तीन मिनिटांची पंधरा होऊ दिल्याबद्दल सूत्रसंचालकांचे, आणि एका दार आपटणाऱ्या पोराला खुर्चीवर बसवल्याबद्दल मोठ्या बाईंचे आभार. बाई, काकांना माझा नमस्कार सांगा. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही अधिक-उणं निघालं असेल, तर ते सगळ्यांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. माझ्या बोलण्यातल्या सगळ्या चुकांना क्षमा करा. लिहिण्यातल्या त्या एका चुकीला मात्र क्षमा करू नका, साहेब. ती दुरुस्त करा.