दुधाच्या गंजातलं पाणी

बासष्टच्या उन्हाळ्यात महागावच्या एसटीच्या रांगेत कोकिळा पाटलीण उभ्या होत्या. पुढं मथुराबाई गावच्या ग्रामसेविकेशी, विमलताईंशी, बोलत होती; मागं कोण आहे, तिला ठाऊक नव्हतं.

"ताई, नात काडीवानी झाली. बालवाडीतलं दूध काहून बंद?"

"भुकटी सरकारची, दूध उकळायचा गंज पंचायतीचा, सरपण मास्तरांचं. पाण्यावर अडलं. पाटलीणबाई म्हणतात, सगळ्या जातींची लेकरं एका गंजातलं पिणार, तर आमच्या विहिरीचं पाणी मिळणार नाही."

"अव्वा! तिचा पोरगा घनश्याम तं रोज आमच्याच मडक्यातलं पाणी पेते!"

"कवापासून?" मागून कोकिळाबाई.

मथुराबाई वळली, दचकली, पण हटली नाही.

"होळीपासून, पाटलीणबाई. काही झालं काय त्याले?"

एसटी आली. कोकिळाबाई चढल्या नाहीत.

"विमल, घागरी किती लागतीन, ते सांग."