दोन इंच

नवरा : बत्तीस! बघ, पुन्हा बत्तीस. सीट तिसाच्या वर गेली की तुझे पाय टेकत नाहीत, तुझाच आकडा आहे. नको ही. चल.

गॅरेजवाला : काका, तीन आठवड्यांत अकरा गाड्या नापास केल्यात. आता दुकानात फक्त माझी सायकल उरलीय.

बायको : तिलाही टेप लावतील.

नवरा : चेष्टा सुचतेय तुला. वय छप्पन्न, शिकाऊ लायसन्स, मैदानातल्या पंधरा दिवसांच्या फेऱ्या. सिग्नलला पाय टेकला नाही तर गाडी अंगावर घेऊन पडशील. मी तीन पुस्तकं वाचलीत यावर.

गॅरेजवाला : पुस्तकात क्लच कुठे असतो काका? ही शंभर सीसीची, वजनाला हलकी, जोरात पळायचा तर स्वभावच नाही. नवशिक्याला याहून गरीब गाडी मिळायची नाही.

नवरा : त्यापेक्षा स्कूटर घेऊ. पुढच्या वर्षी.

बायको : आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांत स्कूटरची चाकं गडप होतील. आणि पुढच्या वर्षापर्यंत डॉक्टर थांबणारेत का? दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, दवाखाना चौदा किलोमीटर. तुमचं गाडी चालवणं त्यांनी बंद केलं. दोनदा रिक्षा मिळाली नाही म्हणून तुम्ही तारीख चुकवलीत. अजून किती चुकवायच्या?

नवरा : बसनं जाऊ.

बायको : दोन बस बदलून, डोळ्याला पट्टी लावून? बघू ती टेप इकडे. मी घेते माप.

नवरा : मी घेतलंय की.

बायको : द्या हो. अहो, ही माझ्या शिलाई मशीनच्या खणातली! हिचं टोक झिजून चिंध्या झाल्या होत्या म्हणून पहिले दोन इंच मीच कापले. ही दोनपासून सुरू होते. मी प्रत्येक मापातून दोन वजा करते.

गॅरेजवाला : म्हणजे ही तीस? आणि आधीच्या दहा?

नवरा : हल्ली आकडे नीट दिसत नाहीत मला.

गॅरेजवाला : बसा काकू. सोडा दोन्ही पाय.

बायको : टेकले! टाचासुद्धा.

गॅरेजवाला : मग कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत एक फेरी मारा. रस्ता मोकळाय. दुसऱ्याच्या वर गिअर नको. हेल्मेटचा पट्टा लावा.

नवरा : अगं, आजच कशाला... ऐक तरी!

(गाडीचा आवाज दूर जातो.)

नवरा : कुठे पोचली?

गॅरेजवाला : छान चाललीय. बघा ना.

नवरा : मला त्या पिवळ्या फाटकापलीकडे नुसतं धुकं दिसतं. तुम्ही सांगत राहा.

गॅरेजवाला : खांबाजवळ आल्या. काका, एक विचारू? टेपचं तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?

नवरा : तीस वर्षं त्याच टेपनं माझे शर्ट बेततेय ती.

गॅरेजवाला : मग?

नवरा : गेल्या वर्षी मी चालवत होतो, ती मागे. स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. तिचं मनगट मोडलं. दोन महिने मशीन बंद. एका शब्दानं बोलली नाही. आता तीच पुढे बसणार, आणि... आवाज थांबला! पडली का? अहो, सांगा ना!

गॅरेजवाला : हात सोडा काका, माझा शर्ट फाटेल. गाडी बंद पडली. पाय टेकून उभ्या आहेत. चालू करतायत.

नवरा : दोन्ही पाय?

गॅरेजवाला : दोन्ही. ऐका, झाली चालू. वळल्या. आल्याच.

बायको : एकदा बंद पडली. क्लच लवकर सोडला मी. घाम फुटला, पण उभी राहिले. तुम्ही का असे पांढरेफटक पडलात? तुमची ती मापांची वही द्या, माझ्या हातानं तीस लिहिते.

नवरा : राहू दे. घरी लिहू.

बायको : द्या. ही निळी गाडी तर पहिल्याच पानावर आहे...

गॅरेजवाला : हो, पहिल्या दिवशीचीच. नुसती धुऊन परत पुढे लावली.

बायको : इथे आधी पेन्सिलीनं तीस लिहिलंय. मग खोडून बत्तीस.

(नवरा तिच्या हातातली वही घेऊन मिटतो.)

बायको : माझी लायसन्सची परीक्षा सोळाला. तुमचं इंजेक्शन वीसला. दोन हेल्मेट लागतील हो दादा, एक यांच्या मापाचं. मागे बसाल ना?

नवरा : बसेन. फक्त स्पीडब्रेकर आला की आधी सांगत जा.