सुरम्याची रेघ

नारिन गावातल्या गॅरेजात सोनुनबुबू आपा आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. तिला काही ऐकायचं नव्हतं, पण उस्ता मेकॅनिकशी बोलणाऱ्या जीपवाल्या एसेनकुलचा आवाजच मोठा!

“उस्ता, जीप आजच दुरुस्त करा. खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत बायकोला माहेराहून आणायचीय.”

“गेली कशाला?”

“काय माहीत! कधी एका शब्दानं बोलली नाही.”

“हे इंजिनाचं हेड घासून घेतलंस?”

“हो. मग टकटक सुरू झाली, म्हणून वाल्वचे स्क्रू आवळले. आवाज बंद!”

“तोंड शिवलं की दाढ दुखायची थांबते होय रे? आपा, जरा तुमचा सुरमा द्या.”

उस्तानं वाल्वच्या टोकाला सुरमा फासून इंजिन हातानं फिरवलं. सुरम्यात कडेला एक रेघ उमटली.

“बघ, वाल्व दाबणारा हा रॉकर कडेला घासतोय. मध्यावर बसायला हवा.”

रॉकरच्या स्टँडखाली पातळ पत्रे सरकवल्यावर रेघ मधोमध उमटली. मग उस्तानं स्क्रू बेतानं सैल करून थोडी फट ठेवली.

“उस्ता, पुन्हा वाजतंय!”

“हलकं वाजू दे. अगदी गप्प झाला की वाल्व जळतो.”

जीपमध्ये चढलेला एसेनकुल खाली उतरला.

“आपा, बायकोसाठी ही सुरम्याची डबी विकत देता?”

“फुकट ने. पण ती बोलायला लागली की मधे तोंड घालू नकोस, गाढवा.”